डाग सांगावा, पावती वाचावी

घरातील लग्नानंतर सौ.ची जरीची साडी मी ड्रायक्लीनरकडे दिली. पदरावर सांडलेले सरबताचे थेंब वाळून दिसेनासे झाले होते, म्हणून त्यांचा उल्लेख केला नाही. साडी परत आली ती तपकिरी ठिपके घेऊनच!

ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी परक्लोरोएथिलीनसारखे द्रावक वापरतात. त्यात तेलातुपाचे डाग विरघळतात. साखर मात्र तशीच राहते आणि इस्त्रीच्या उष्णतेने तपकिरी होते. डाग आधी सांगितला असता, तर त्यावर वेगळा उपचार करता आला असता.

भरपाई मागताच दुकानदाराने पावतीची मागील बाजू दाखविली. भरपाई धुलाईच्या दराच्या काही पटींपुरतीच, अशी अट तेथे बारीक अक्षरांत छापली होती. बँकेत आयुष्यभर इतरांना ‘अटी वाचून सही करा’ असे सांगणाऱ्या मला ती वाचण्याचे सुचले नव्हते.

तेव्हा कपडा देताना डाग कशाचा, हे सांगून पावतीवर लिहून घ्यावे. कपडा घरी येताच प्लास्टिकचे आवरण काढून तो सावलीत वाऱ्यावर ठेवावा, मग स्वच्छ सुती कापडात गुंडाळावा. जरीची घडी अधूनमधून बदलावी. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत.

सौ. ती साडी आजही नेसते, ठिपके पदराच्या घडीत झाकून.