दुधात अंडे द्या, पण शिजवून

थंडी पडली, मुलांना नाताळची सुट्टी लागली की नगर जिल्ह्यातल्या वस्त्यांत अनेक घरी दुधात कच्चे अंडे फोडून देतात. लेकरांना, गरोदर सुनेला ताकद यावी हा हेतू. पण आम्ही सांगतो, कच्चे नको. त्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब, उलट्या, ताप होतो. लहान मुले, गरोदर बाया आणि म्हाताऱ्यांना ते जास्त भोवते. शिवाय शिजलेल्या अंड्यातली प्रथिने अंगी जास्त लागतात. पेलाभर गरम दुधात अंडे फोडले म्हणजे ते शिजतेच असे नाही.

अर्धा लिटर दूध तापवा. २ अंडी, ४ चमचे साखर फेटा. त्यात गरम दूध थोडे थोडे ओतत ढवळा. एकदम ओतले तर गुठळ्या होतात. मग मंद आचेवर ढवळत राहा. चमच्यावर दाटसर थर धरला, वाफा निघाल्या की उकळीआधी उतरवा. चिमूटभर जायफळ घाला. ताजेच प्या, फ्रीज नसेल तर उरवू नका.

परदेशात नाताळला याला एगनॉग म्हणतात, त्यात रमही घालतात. पंचशीलातले पाचवे शील पाळणाऱ्या आपल्या घरांत जायफळ पुरे. १ जानेवारीला भीमा कोरेगावला पहाटे निघताना पोरांना पेलाभर द्या.