कूस, फड आणि कॉर्टिसॉल

३० सप्टेंबर १९९३. विसर्जन आटोपून गावं झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. मला मात्र त्या रात्री पोटात असलेल्या बाळांचं कुतूहल आहे. त्यांनी आता तिशी ओलांडली. कॅनडातल्या क्युबेकमध्ये जानेवारी १९९८ च्या बर्फवादळात हाल सोसलेल्या गरोदर बायकांच्या मुलांचा सुझान किंग यांच्या गटानं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आईच्या हालांचा माग मुलांच्या तेराव्या वर्षीही त्यांच्या रक्तपेशींतल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणांत लागला. भूकंपाच्या पट्ट्यातल्या त्या बाळांकडेही कुणीतरी इतक्याच चिकाटीनं पाहायला हवं.

शरीरशास्त्र थोडक्यात असं: भीती वाटली की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, रक्तात साखर वाढते, शरीर पळायला सज्ज होतं. धोका टळला की कॉर्टिसॉल उतरायला हवं. लहानपणी ते सतत चढंच राहिलं तर झोप, वाढ, स्मरण, प्रतिकारशक्ती या सगळ्यांना झळ लागते.

पण उतरायचं कसं, हे शरीर शिकतं कुठून? इथे मी हमखास रेंगाळतो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांनी उंदरांच्या आया पाहिल्या. काही आया पिलांना भरपूर चाटतात, काही बेताचंच. भरपूर चाटलेल्या पिलांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पसमध्ये, कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाची दखल घेणारे ग्राहक जास्त तयार होतात. मग दूध उतू जायला लागताच जाळ कमी करावा तसा मेंदू ताण वेळीच आवरतो. यातला मला सर्वांत आवडलेला भाग पुढचा. कमी चाटणाऱ्या आईची पिलं जन्मताच भरपूर चाटणाऱ्या आईच्या कुशीत दिली, तर तीही शांत निघाली. २००४ साली छापलेल्या या कामात दिसलं, की जनुक तेच राहतं, त्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात. माणसाचं मूल म्हणजे उंदीर नव्हे, हे खरंच. पण बुखारेस्टच्या अनाथालयांतली जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत पालक-कुटुंबात गेली, त्यांच्या शरीराचा ताणाला प्रतिसाद पुढे बराच सावरलेला आढळला.

म्हणून मला ऊसतोडीच्या फडातल्या लेकरांची काळजी वाटते. दसरा झाला की भूम, वाशी, कळंब, परंड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, तेव्हा तान्हं लेकरूही सोबत. अशाच एका फडात टायरगाडीखाली झोळी बांधलेली पाहिली. आठेक वर्षांची बहीण दोरी ओढत होती. आई पहाटेच्या अंधारापासून ऊस तोडत होती. मोळ्या बांधून झाल्यावर ती आली, पाचटानं कापलेले हात पदराला पुसले, चिंधीत गुंडाळलेली तेलाची बाटली काढली आणि पाय लांब करून लेकराला त्यावर घेतलं. पाठ, मांड्या, तळपाय. लेकरू हुंदके देत देत गप्प झालं. तेवढ्यात मुकादमाची हाक आली.

अंगणवाडी लेकराचं वजन मांडते, ते हवंच. पण त्याला दिवसभर कोण घेतं, हेही कुणीतरी विचारायला हवं. कारखान्याच्या तळावर पाळणाघर हवं, असं सगळेच म्हणतात. माझी मागणी जरा नेमकी आहे: हंगामभर तिथे तीच बाई असावी, टोळीच्या बोलीत बोलणारी, आणि अंगावर पिणाऱ्या लेकराच्या आईला दिवसातून दोनदा तरी फडातून सुटी मिळावी, खाडा न धरता.