तरुण मिशनऱ्यांचे आगमन आणि पेण-रोह्याचा बेने इस्रायली वाचक

अव्वल इंग्रजी काळातील मराठी गद्याचा विचार करताना मिशनऱ्यांनी मराठीला काय दिले, हा प्रश्न वारंवार चर्चिला जातो. त्यांना मराठी कोणत्या परिस्थितीत आत्मसात करावी लागली व त्यांच्या लेखनाचा वाचक कोण होता, हे प्रश्न तुलनेने उपेक्षित राहतात. परक्या शहरात नुकत्याच उतरलेल्या तरुण मिशनऱ्याचे प्रारंभीचे दिवस अभ्यासले असता या प्रश्नांचे महत्त्व ध्यानात येते.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आले. हॉल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. कंपनी सरकारचा मिशनऱ्यांना विरोध असल्याने दोघांनाही शहर सोडण्याचा हुकूम झाला. त्यांचे पहिले वर्ष मुख्यतः वास्तव्याच्या परवानगीसाठी गव्हर्नरकडे विनंत्या करण्यात गेले. १८१३ च्या सनदेनंतर ही परिस्थिती पालटली. पुढे १८२६ मध्ये या मिशनने नव्या कराराचे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी हॉल यांचे पटकीने निधन झाले.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या चोविसाव्या वर्षी मुंबईस पोहोचले. त्यांच्यापुढील अडचण परवान्याची नव्हती, भाषेची होती. म्हणून मुंबईत स्थिरावण्यापूर्वी पत्नी मार्गारेट यांच्यासह ते कोकणात गेले व हर्णै येथे राहून त्यांनी मराठीचा अभ्यास केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुंबईस परतले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा धर्मविषयक जाहीर वाद झाला. मराठीतील खंडनमंडनपर गद्याच्या जडणघडणीत या वादाला स्थान आहे. अवघ्या दोन वर्षांपूर्वीचा विद्यार्थी येथे वादी म्हणून उभा होता, ही गोष्ट कोकणातील त्या महिन्यांचे मोल स्पष्ट करते.

याच संदर्भात पेण व रोहे यांचा विचार करावा लागतो. भोगावतीकाठचे पेण आणि कुंडलिकेकाठचे रोहे ही तत्कालीन कुलाब्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, बेने इस्रायल समाजाच्या वस्तीची गावे होत. पेणकर, रोहेकर ही आडनावे त्याची साक्ष देतात. तेलाचे घाणे चालविणारा व शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. त्याची बोली मराठी होती. धर्मग्रंथांची भाषा हिब्रू असली तरी तिचे ज्ञान या समाजात फारसे उरले नव्हते. या वाचकासाठी विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले.

मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हेतू आणि परिणाम यांची गल्लत होऊ नये. बेने इस्रायलांमध्ये ख्रिस्ती झालेले फार थोडे. मिशनच्या शाळांतून मिळालेले अक्षरज्ञान व हिब्रूची ओळख या समाजाने स्वधर्माच्या दृढीकरणासाठी वापरली. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा छापला गेला, हे त्याचे ठळक उदाहरण होय. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा हा ग्रंथ मराठीत आला तो समाजाच्या स्वतःच्या गरजेतून.

मिशनरी वाङ्मयाचे मूल्यमापन केवळ लेखकाच्या बाजूने केल्यास चित्र अपुरे राहते. बंदरात उतरलेला तरुण प्रथम भाषेचा विद्यार्थी असतो आणि त्याने लिहिलेल्या ग्रंथाचा अर्थ अखेर वाचकाच्या हाती जातो. त्यामुळे या कालखंडाच्या अभ्यासकाने मुंबईच्या छापखान्यांबरोबरच पेण-रोह्यासारख्या गावांतील वाचकवर्गाकडेही लक्ष देणे आवश्यक ठरते.