सकाळची थरथर

थंडी पडली की नारायण पेठेत सकाळी सातच्या सुमारास एक ठरावीक आवाज ऐकू येतो. एखाद्या बोळात जुनी गाडी चालू होते, थरथरते आणि दोन आचके देऊन बंद पडते. मालक पुन्हा स्टार्टर मारतो आणि या वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतो. पाच मिनिटांत इंजिन तापतं आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागते. गॅरेजपर्यंत पोहोचेतो तिला काहीच झालेलं नसतं!

माझं आयुष्य मोटारदुरुस्तीत गेलं, त्यामुळे लोक मला रस्त्यात अडवून विचारतात, ‘इंजिन उघडायला सांगताहेत, खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. विकून टाकू का?’ मी म्हणतो, थांबा. गरम झाल्यावर नीट चालणाऱ्या गाडीचं इंजिन उघडण्याची वेळ सहसा आलेली नसते.

२०००च्या आसपास मारुती ८००मधला कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. सँट्रो तर १९९८मध्ये ते घेऊनच आली. चोक गेला आणि त्याचं काम कॉम्प्युटरकडे आलं. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला ते जास्त द्यावं लागतं. किती जास्त, हे कॉम्प्युटर प्रामुख्याने कुलंटच्या तापमानाच्या सेन्सरवरून ठरवतो. हा सेन्सर गार असताना विजेला जास्त विरोध करतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तो बिघडून पहाटेच ‘इंजिन तापलंय’ असं सांगू लागला, तर कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल कमी देतो. डॅशबोर्डवरचा दिवाही लागेलच असं नाही, कारण ८० अंश हे तापमान काही अशक्य नव्हे.

याची परीक्षा सोपी आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन चालू करण्याआधी स्कॅनर लावून कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. बाहेर १२ अंश आणि कुलंट ५० दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याचं कनेक्शन खराब आहे. इंजिनच्या मानाने हा भाग अगदीच स्वस्त.

सेन्सर ठीक निघाला, तर थ्रॉटल बॉडी पाहा. पेठेतल्या गाड्यांचं हे खास दुखणं. घरातून मंडईपर्यंत आणि परत, एवढ्यात इंजिन पुरतं तापतच नाही आणि काजळी साठत जाते. गार असताना जादा हवा सोडणारी झडप त्या काजळीत अडकते. काही जण स्क्रू पिळून रेस वाढवून देतात. ते मला बिलकूल पसंत नाही. साफसफाई करायला हवी.

तिसरं कारण फसवं आहे. इंजेक्टर थोडे चोंदले असतील, तर गरम झाल्यावर सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर ती उणीव ओळखतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. पण तो सेन्सर स्वतः तापेपर्यंत आंधळाच असतो, म्हणून खोड फक्त सकाळी दिसते. रबरी नळीला चीर पडून काही गाड्यांत असंच होतं, म्हणून नळ्या दाबून पाहा, फुसफुस ऐका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं आणि जुनी नळी लवकर हात टेकते. आधीच काठावर असलेल्या गाडीला एवढं पुरतं.

प्लगही काढून बघावेत. सगळे काळे असतील तर पेट्रोल जास्त जातंय. एकच वेगळा दिसला तर दोष त्याच सिलिंडरचा, मग प्लग, कॉइल, इंजेक्टर पाहायचे. मात्र कुलंट कमी होत असेल आणि पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी चालवू नका.

या सगळ्या तपासण्या उघड्यावर करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून पाहत बसू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि गाडी गॅरेजमध्ये आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा. सकाळचा पहिला स्टार्टर मेकॅनिकलाच मारू द्या.