हवेली, पाहुणे आणि एक खून 🔍

गव्हाणकर वाचकहो, पावसाळी रविवारासाठी इंग्लिश हवेलीतल्या खूनकथा घ्या! रक्तपात कमी, डोक्याला खुराक जास्त. मोजके पाहुणे, सगळेच संशयित आणि पुरावे वाचकाच्याही डोळ्यांसमोर.

👉 अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी १९२० ची. हवेली 'स्टाइल्स', गुप्तहेर प्वारो. पहिल्या महायुद्धात तिनं इस्पितळाच्या औषध विभागात काम केलं होतं, त्यामुळे विषांची माहिती पक्की!

👉 डेव्हनमधलं तिचं स्वतःचं 'ग्रीनवे' हे घर 'डेड मॅन्स फॉली'त (१९५६) वेगळ्या नावानं येतं.

👉 तिच्या १९३९ च्या कादंबरीवर बेतलेला हिंदी 'गुमनाम' (१९६५) राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केला. निर्जन बेटावरचा बंगला आणि खानसामा मेहमूद!

सुरुवात 'स्टाइल्स'पासून करा. खुनी ओळखलात तरी कमेंटमध्ये फोडू नका!