हरभऱ्याचा अदृश्य वैरी

रब्बीच्या हंगामात काळ्या जमिनीत हरभऱ्याचे पीक डोलू लागले, की शेतकऱ्याचे मन प्रसन्न होते. खरिपात काही उणे पडले असेल, तर ते या पिकाने भरून निघेल, अशी आशा त्याला वाटते. परंतु एखाद्या सकाळी हिरव्या शेतात काही झाडे माना टाकून उभी असलेली दिसतात. जमिनीत ओल आहे, पानांवर कीड नाही. तरीही झाडे सुकत जातात. हळूहळू शेतात ठिकठिकाणी वाळलेल्या झाडांचे पुंजके दिसू लागतात. ‘मर लागली,’ असे म्हणून शेतकरी कपाळाला हात लावतो.

असे एखादे झाड उपटून त्याचे खोड उभे चिरले, तर आत काळपट तपकिरी रेघ आढळते. हीच त्या वैऱ्याची खूण होय. हा वैरी म्हणजे फ्युजेरियम नावाची बुरशी. ती मातीत राहते, मुळांवाटे झाडात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या बारीक नलिकांत वाढते. या नलिका तुंबल्या, की मुळांशी ओल असूनही झाड तहानेने मरते. पीक निघाले तरी बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत उरतात. हरभरा मुळीच पेरला नाही, तरी ही बुरशी सहा वर्षांपर्यंत जमिनीत जिवंत राहते, असे आढळून आले आहे.

यावर उत्तम उपाय म्हणजे या रोगाला दाद न देणारा वाण पेरणे. तथापि येथे एक मोठी अडचण उभी राहते. एका भागात ताठ उभा राहणारा वाण दुसऱ्या भागात त्याच रोगाने मरतो. असे का व्हावे?

याचे उत्तर बुरशीच्या वंशभेदात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ही बुरशी सर्वत्र सारखीच दिसते. पण तिचे अंतरंग सारखे नसते. वाणाची प्रतिकारशक्ती हे कुलूप मानले, तर बुरशीच्या प्रत्येक वंशाजवळ निराळ्या किल्ल्या असतात. एका वंशाला न उघडणारे कुलूप दुसरा वंश सहज उघडतो.

हे वंश ओळखावयाचे कसे? शास्त्रज्ञ ठरावीक वाणांची रोपे बुरशी मिसळलेल्या मातीत वाढवतात आणि कोणती मरतात व कोणती जगतात, याची नोंद करतात. या नोंदीवरून वंश कळतो. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेतील हावरे व नेने या शास्त्रज्ञांनी १९८२ साली भारतातील असे चार वंश दाखवून दिले. आज जगात एकूण आठ वंश ज्ञात आहेत. नव्या वाणांची परीक्षा घेण्यासाठी तेथे मुद्दाम रोगट ठेवलेले शेत असते. त्यात ठरावीक ओळींनंतर ‘जे. जी. ६२’ हा रोगाला चटकन बळी पडणारा वाण पेरतात. तो मेला, की जमिनीत रोग आहे याची खात्री पटते. आणि त्याच्या शेजारी जो वाण जगतो, तोच पुढील परीक्षेस पात्र ठरतो.

परंतु वैरीही स्वस्थ बसत नाही. बुरशीच्या आनुवंशिक गुणांत बदल होत राहतात आणि त्यांतून कधी नवा वंश प्रबळ होतो. मध्य अमेरिकेतील केळीच्या बागांत पूर्वी ‘ग्रो मिशेल’ हा एकच वाण लावीत असत. फ्युजेरियमच्या एका वंशाने १९६० च्या सुमारास त्या बागा उजाड केल्या. त्यांच्या जागी ‘कॅव्हेंडिश’ केळी आली. पुढे तिलाही मारणारा नवा वंश आशियात प्रकटला आणि २०१९ साली तो दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात आढळला. आपल्या जळगावची बहुतेक केळीही कॅव्हेंडिश गटातीलच आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून सुज्ञ शेतकरी एकाच उपायावर विसंबत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘विजय’, ‘दिग्विजय’ यांसारख्या प्रतिकारक्षम वाणांची तो निवड करतो, उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, बियाण्यास औषध चोळतो आणि त्याच रानात दरवर्षी हरभरा घेत नाही. वैरी अनेक रूपे घेतो. तेव्हा आपल्या कोठारातही बियाण्याचे अनेक वाण जतन केलेले असावेत. आज निरुपयोगी वाटणारे एखादे जुने वाणच उद्या पीक वाचवील.