बालेवाडीचें क्रीडासंकुल

'आखाडा' हा शब्द संस्कृत 'अक्षवाट' या शब्दापासून आला, असें व्युत्पत्तिकार सांगतात. आखाड्यांत मालकी एका कुस्तीची. एकाच आवारांत अनेक खेळ नांदविण्याची कल्पना निराळी, आणि ती पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुलांत पाहावयास मिळते. १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें तें उभारलें गेलें. पुढें २००८ सालीं राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा तेथें झाल्या, आणि २०१३ सालच्या आशियाई मैदानी स्पर्धेंत विकास गौडा यांनीं थाळीफेकींत सुवर्णपदक मिळविलें तेंही येथेंच. पोहणें, नेमबाजी, टेनिस, मुष्टियुद्ध यांस स्वतंत्र जागा आहेत, म्हणून त्यांचें परस्परांशीं भांडण नाहीं. खरा सासुरवास मुख्य मैदानाच्या वांट्यास येतो.

अशा मैदानाची प्रमाणभूत आखणी विद्यार्थ्यांनीं वहींत काढून पाहावी. दोन सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटर, दोन अर्धवर्तुळें ३६.५० मीटर त्रिज्येचीं. फेरी किती? उत्तर सुमारें ३९८ मीटर येईल आणि विद्यार्थी बुचकळ्यांत पडेल; कारण शर्यत तर ४०० मीटरांची! मर्म असें कीं, धांवणारा कांठाला पाय घांसून धांवत नाहीं, म्हणून मोजणी आंतल्या कांठापासून ३० सेंटिमीटर बाहेरून धरतात. या फेरीच्या पोटांत १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असें फुटबॉलचें मैदान बसतें. कोपऱ्यांशीं मोकळी जागा मात्र जेमतेम उरते.

हे खेळ एकत्र नांदतात, पण सुखानें नव्हे. भाला व हातोडा याच हिरवळींत येऊन पडतात आणि खड्डे पाडतात. फुटबॉल पाहणारास धांवमार्गापलीकडे बसून चेंडू दुरून पाहावा लागतो. हें आम्हांस क्षम्य वाटतें. एकाच खेळासाठीं राखलेलें मैदान वर्षाचे बरेच दिवस ओस पडतें.

क्षम्य नाहीं तें वेगळेंच. धांवमार्गावरील कृत्रिम थर खिळ्यांच्या बुटांसाठीं केलेला असतो. मोटारींच्या चाकांसाठीं किंवा मांडवाच्या खांबांसाठीं नव्हे. सभासमारंभांस तो वापरला कीं उखडतो, दुरुस्ती होईतों मार्ग बंद राहतो, आणि पहाटे सराव करणाऱ्या मुलामुलींचा हंगाम वायां जातो. सोळाव्या वर्षीं गेलेला हंगाम अठराव्या वर्षीं भरून निघत नाहीं. क्रीडांगणाची थोरवी सांगणारे प्रेक्षकांच्या खुर्च्या मोजतात. आम्ही विचारूं कीं, सराव किती दिवस अखंड चालला?

घरांतील मुलास वा मुलीस अशा ठिकाणीं घालावयाचें असल्यास सामन्याच्या दिवशीं पाहणीस जाऊं नये. एखाद्या साध्या सोमवारीं पहाटे जावें. शिक्षक हजर आहेत काय, मुलींची कपडे बदलण्याची खोली स्वच्छ आहे काय, धांवमार्गावर कोणी धांवत आहे काय, हें पाहावें, आणि मग शुल्काची चौकशी करावी.